सनी देओलला ‘फक्त ओरडता येतं’ म्हणणाऱ्यांना

सनी देओलच्या ‘जाट’ या सिनेमावर मी लिहिलेल्या लेखाखाली परवा रात्री साडेअकराला एक लांबलचक प्रतिक्रिया आली. तिथेच चार ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण लिहायला बसलो आणि चार ओळींत मावेना. म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा. प्रतिक्रिया टोपणनावानं आहे. त्यात म्हटलंय की सनी देओल हा एका भूमिकेचा नट आहे, 2003 पासून पुढची वीस वर्षं त्याच्या खात्यावर धड काही नाही, ‘गदर 2’ चाललं ते जुन्या आठवणींवर आणि देशभक्तीच्या घोषणांवर, ‘जाट’ म्हणजे तेलुगू दिग्दर्शकाकडून घेतलेला उसना मसाला, इडली सांडली म्हणून शे-दीडशे माणसं लोळवणारा हिरो 2025 साली बघवत नाही, आणि तिकडे टॉम क्रूझ साठी ओलांडून विमानाला लटकतोय. शिवाय माझ्या लेखात एक तपशिलाची चूक आहे. आणि मग शेवटची दोन वाक्यं, जशीच्या तशी देतो: ‘या माणसाला फक्त ओरडता येतं. पिटातल्या प्रेक्षकाची ही आवड तुम्ही समीक्षा म्हणून आमच्या गळी उतरवू नका.’

आधी चुकीचं बोलतो, कारण चूक ती चूक. ‘दामिनी’साठी सनीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा, असं मी लिहून गेलो होतो. तो सहायक अभिनेत्याचा होता. फिल्मफेअरही सहायक अभिनेत्याचंच. प्रमुख भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं ते ‘घायल’ला. आपलं बरोबर, माझं चूक. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे आणि लक्षात आणून दिल्याबद्दल आपले आभार मानतो. मनापासून मानतो.

आता पुढचं.

‘पिटातल्या प्रेक्षकाची आवड.’ हे वाक्य आपण कुठे बसून लिहिलंत मला माहीत नाही. मी पिटात, म्हणजे पडद्याजवळच्या सर्वात स्वस्त खुर्च्यांत, वाढलोय. खरं सांगायचं तर पिटाच्या डोक्यावर, भिंतीतल्या दोन चौकोनी भोकांच्या मागे. माझा मामा बार्शीत एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. सुट्टीत आणि सुट्टी नसतानाही मी त्याच्या केबिनमध्ये पडीक असायचो. दोन प्रोजेक्टर, कार्बनच्या कांड्या, त्यांचा तो डोळे दिपवणारा निळसर जाळ, आणि वर धूर जायला पत्र्याचं नळकांडं. उन्हाळ्यात मामा बनियनवर काम करायचा. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकून जातो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, दुसऱ्याला बदलायचं. दहाव्या वर्षी मला तो ठिपका बरोबर दिसायचा. रिकामं झालेलं रीळ परत गुंडाळायचं काम माझ्याकडे असायचं, आणि बोटांच्या चिमटीतून फिल्म जाताना सांधा कुठे कच्चा आहे ते हाताला कळायचं.

हे सगळं सांगायचं कारण आपलं ते पहिलं वाक्य. ‘या माणसाला फक्त ओरडता येतं.’

महोदय, आवाजाचं बटण माझ्या मामाच्या हातात होतं. आमच्या टॉकीजचे स्पीकर जुने. आवाज एका मर्यादेपुढे गेला की फाटायचा, खरखर यायची, आणि लोक खुर्च्या वाजवायचे. त्यामुळे मामा कुठलाही सिनेमा पहिल्या दोन खेळांत पाठ करून घ्यायचा. कुठे आवाज उतरवायचा, कुठे चढवायचा. गाण्यांना एक माप, मारामारीला एक माप. तो म्हणायचा, बाकीच्यांच्या सिनेमाला एकदा बटण लावलं की चहा प्यायला जाता येतं, सनीच्या सिनेमाला नाही. कारण सनी ओरडतो ते अख्ख्या सिनेमात तीन ठिकाणी, फार तर चार. उरलेला वेळ तो इतकं हळू बोलतो की पिटातल्या शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही. तिथे बटण वर घ्यावं लागायचं. मग ओरडण्याच्या आधी झटकन खाली. मामाचा उजवा हात त्या बटणावरून अडीच तास हलायचा नाही. पुढे मामाच्या डोळ्यांना त्रास व्हायला लागला तेव्हा काही दिवस तिथे माझा हात असायचा. तुम्ही जे वाक्य एका फटक्यात लिहिलंत, त्याचं उत्तर माझ्या हाताला माहीत आहे.

‘दामिनी’च घ्या, कारण पुरस्काराची चूक तुम्ही पकडलीत म्हणजे सिनेमा तुम्हाला माहीत असणार. राजकुमार संतोषींचा, 1993 चा. सनी मध्यंतराच्या आसपास येतो. दारूत बुडालेला, वकिली सोडून दिलेला गोविंद. आला तेव्हा तो कसा बोलतो, आठवतं? शब्द ओठांतच राहतात, मान खाली. दामिनी त्याच्यासमोर स्वतःची कहाणी सांगते तेव्हा हा माणूस ऐकतो आहे हे फक्त त्याच्या डोळ्यांवरून कळतं. मग कोर्ट. लोकांना फक्त तारखांवरचं ते भाषण आठवतं, त्याची नक्कल आजही लग्नाच्या वरातीत होते. पण ते भाषण सुरू कुठून होतं ते कुणी सांगत नाही. ते सुरू होतं अगदी खालून, थकलेल्या माणसाच्या आवाजात. एकेक वाक्य पायरी चढल्यासारखं वर जातं. ओरडणं येतं ते सर्वात शेवटी, आणि तोपर्यंत मामानं बटण चार वेळा हलवलेलं असायचं. अमरीश पुरींसारखा खर्जातला नट समोर उभा असताना, आधी त्याच्यापेक्षा खाली बोलून मग त्याच्या वर जाणं, याला ओरडणं म्हणत नाहीत. गाण्यात याला आपण काय म्हणतो? आलाप आधी आणि तान नंतर, एवढं तर शाळेतल्या पेटीच्या बाई पण सांगतात.

‘घायल’ 1990 चा. 22 जूनला लागला, त्याच दिवशी ‘दिल’ही लागला होता. दिग्दर्शक म्हणून संतोषींचा हा पहिला सिनेमा, पैसे घातले धर्मेंद्रंनी. भावाला शोधत फिरणारा अजय मेहरा पहिल्या अर्ध्या भागात कितीदा आवाज चढवतो, मोजा. पोलीस ठाण्यात तो विनवण्या करतो. बॉक्सर आहे, खांदे दाराएवढे, आणि टेबलापलीकडच्या माणसासमोर हात जोडल्यासारखा उभा आहे. मग भावाच्या खुनाचा आरोप त्याच्यावरच येतो आणि भर कोर्टात त्याचं नाव वहिनीशी जोडलं जातं. तिथे तो फुटतो. मला सांगा, तिथे माणसानं काय करायला हवं होतं? संयत अभिनय? पापण्यांची उघडझाप?

आणि ‘अर्जुन’. हा तर आपल्यातलाच. 1985, राहुल रवैलांचं दिग्दर्शन, जावेद अख्तरांनी लिहिलेला. नायकाचं आडनाव मालवणकर. नोकरी नसलेला, कारकुनाचा पोरगा, मुंबईच्या कट्ट्यावर मित्रांबरोबर दिवस ढकलणारा. ए. के. हंगल बाप. त्या काळात हिंदी सिनेमात मराठी आडनाव लावलेला माणूस म्हणजे बहुतेक वेळा हवालदार. हा नायक होता. आणि त्यातला भर पावसातला तो प्रसंग, रस्ताभर काळ्या छत्र्या आणि त्या छत्र्यांमधून जीव घेऊन पळणारा त्याचा मित्र. मित्र गेल्यावर सनीचा चेहरा पाहा. आवाजच नाही. सनी तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा, आणि ‘बेताब’ येऊन दोन वर्षं झालेली. अठ्ठावीसाव्या वर्षी ज्याला गप्प राहता येतं त्याला तुम्ही एका वाक्यात निकालात काढता.

‘बॉर्डर’मधला मथुरादास या सैनिकाचा प्रसंग घ्या. रजा मिळाली म्हणून तो आनंदानं नाचतोय आणि बाकीचे लोंगेवालात मरायला थांबणार आहेत. तिथेही सनीचा मेजर कुलदीपसिंग आधी शांतपणे बोलतो. चढतो नंतर.

आता ‘गदर’. ज्या सिनेमावरून सगळे सनीची चेष्टा करतात तो. 15 जून 2001, ‘लगान’ही त्याच दिवशी. शहरातली शहाणी माणसं तेव्हाही म्हणाली की खरा सिनेमा तो, हा तमाशा. आमच्याकडे ‘गदर’चा सकाळी सहाचा खेळ लावावा लागला. परांडा, भूम, वैरागकडून टेंपो भरून माणसं यायची, बायका रात्रीच भाकरी बांधून निघायच्या. त्यानं उपटलेल्या हातपंपाबद्दल सगळे बोलतात. पण हातपंपाच्या आधीची मिनिटं? तारासिंगला सांगतात, धर्म बदल. तो तयार होतो. पाकिस्तान झिंदाबाद म्हण, सांगतात. तो म्हणतो. साध्या आवाजात, मान डोलावून, बायकोकडे एकदा बघून म्हणतो. ज्याला तुम्ही घोषणाबाजीचा नट म्हणता तो नट हे वाक्य पडद्यावर म्हणाला आणि आमच्या पिटात एकानं शिट्टी मारली नाही, एकानं शिवी घातली नाही. साडेसहाशे माणसं गप्प. कारण सगळ्यांना कळलं होतं की हा नवरा म्हणून बोलतोय. मग समोरचा त्याच्याकडे स्वतःच्या देशाला मुर्दाबाद म्हणायची मागणी करतो, आणि तिथे त्याचा बांध फुटतो. ही त्या प्रसंगाची रचना आहे. पिटाला ती पहिल्या खेळात कळली. तुम्हाला चोवीस वर्षांनी नुसता हातपंप आठवतो.

अजून एक सांगतो, आणि हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

बार्शीला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, मराठवाड्यातून रोगी तिथे येतात, महिना महिना राहतात. त्यांच्याबरोबर आलेली माणसं दुपारी काय करणार? तीनच्या खेळाला येऊन बसायची. पंख्याखाली अडीच तास, पिटाचं तिकीट परवडायचं. कधी कधी रोगी स्वतःच यायचा.

‘घातक’ लागला 1996 च्या थंडीत. तोही संतोषींचाच. सनीचा नायक, नाव काशी, बनारसहून मुंबईला येतो तो बापाच्या उपचारासाठी. बापाला घशाचा कॅन्सर. आणि बाप कोण, तर अमरीश पुरी, ‘घायल’मधला बलवंत राय, ‘दामिनी’तला बॅरिस्टर चढ्ढा. ज्याच्या विरुद्ध सनी आजवर उभा होता त्याचाच तो इथे मुलगा. त्या सिनेमाला एक गृहस्थ सलग तीन दिवस आले. पन्नाशीचे असतील, धोतर, गळ्याला मफलर, मफलरखाली पांढरी पट्टी. ऑपरेशन झालेलं होतं, आवाज गेला होता. तिसऱ्या दिवशी ते जिना चढून केबिनच्या दारात आले. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर पेन्सिलीनं लिहून त्यांनी मामाला दाखवलं. उद्या आहे का बदलणार, एवढंच लिहिलं होतं. मामानं सांगितलं, उद्या आहे, परवा बदलतोय. त्यांनी मान हलवली. मग बोटानं आधी स्वतःच्या गळ्याकडे, मग पडद्याकडे दाखवलं आणि मूठ वर केली. मामानं त्या दिवशी शेवटच्या भागात बटण उतरवलं नाही. स्पीकर फाटला तर फाटू दे, म्हणाला.

ते गृहस्थ पिटातले. पुढून तिसरी रांग, कडेची खुर्ची. त्यांची आवड समीक्षा नसेल. पण सनीच्या ओरडण्यात काय असतं हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही, तुम्हाला तर नाहीच नाही.

बाकीच्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात.

वीस वर्षं वाया गेली म्हणता. काही सिनेमे पडले हे मी कधी नाकारलं? प्रत्येक मोठ्या नटाच्या आयुष्यात असा काळ येतो. ‘अपने’ 2007 चा आहे, तो तुम्ही सोयीस्कर विसरलात. यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

‘गदर 2’ जुन्या आठवणींवर चाललं म्हणता. देशात पाचशे कोटींच्या वर धंदा नुसत्या आठवणींवर होतो का? तसं असतं तर प्रत्येक जुन्या नटाचा दुसरा भाग चालला असता.

टॉम क्रूझचा मुद्दा मला कळलाच नाही. तो 1962 चा, सनी 1956 चा. सहा वर्षांचं अंतर आहे, आणि ते वजनदार शरीर घेऊन कुणी विमानाला लटकावं अशी माझी अपेक्षा नाही. सनीचा जोर उडी मारण्यात कधीच नव्हता. तो उभा राहतो, त्यात जोर आहे.

आणि इडली. गोपीचंद मलिनेनींनी तो प्रसंग विचार करून रचलाय. माणूस जेवायला बसलाय, धक्का लागून ताट सांडतं, आणि तो फक्त एक शब्द मागतो, सॉरी. पुन्हा मागतो. वरच्या माणसाकडे जातो, तिथेही तेच मागतो. आवाज चढत नाही. एखाद्या साध्या माणसाला सरकारी खिडकीवर ज्या शब्दासाठी चकरा माराव्या लागतात तोच हा शब्द आहे. माझ्या वडिलांनी एका ऑफिसात चुकीचं नाव दुरुस्त करून घ्यायला अकरा चकरा मारल्या. दुरुस्ती झाली, पण चूक झाली असं कुणी म्हटलं नाही. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, निदान तेवढं तरी म्हणायला हवं होतं. ‘जाट’ बघताना मला तेच आठवत होतं. दिग्दर्शक तेलुगू असला म्हणून ही भावना उसनी होत नाही. सिनेमाचा उत्तरार्ध रक्तबंबाळ झालाय, थोडा कमी चालला असता, हे मी मूळ लेखातही लिहिलंय. ते वाक्य तुम्ही वाचलंत की नाही, शंका आहे.

माझा राग तुमच्या मताचा नाही. सनी आवडत नाही असं म्हणणारे माझे जवळचे मित्र आहेत, आम्ही रात्र रात्र भांडलोय. पण ते ‘आमच्या गळी उतरवू नका’ असं म्हणत नाहीत. हे ‘आम्ही’ कोण? टोपणनावाआडून एकट्यानं लिहायचं आणि बहुवचन वापरायचं. मी माझ्या जागेत, माझ्या नावानं लिहितो. कुणाच्या दारात जाऊन कुणाला वाचायला लावत नाही. आणि पिट हा शब्द शिवी म्हणून वापरायचा असेल तर आधी सांगा, तुम्ही त्या खुर्चीवर कधी बसलायत का? पत्र्याची घडीची खुर्ची, मागच्याच्या गुडघ्यानं पाठीला टोचणारी, पायाखाली शेंगांची टरफलं, आणि पडदा इतका जवळ की मान वर करून बघावं लागतं. तिथून सनीचा चेहरा केवढा दिसतो ते बाल्कनीतून कळत नाही.

ते टॉकीज आता बंद आहे. गेटला साखळी, तिकीटखिडकीवर लग्नाच्या वाढदिवसाचं पोस्टर. मामा दोन हजार अकरात गेला. ‘गदर 2’ मी सोलापूरला जाऊन पाहिला, मल्टिप्लेक्समध्ये, जिथे आवाज आधीच ठरवून ठेवलेला असतो आणि बटणावर कुणाचा हात नसतो. सनी हळू बोलायला लागला की माझा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आपोआप वळत होता. शेजारी बसलेल्या मुलीनं विचारलं, काय झालं बाबा? मी म्हटलं, ऐकू येतंय का नीट, ते बघतोय.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुरस्काराची दुरुस्ती केली आहे आणि ती आपण दाखवलीत असा उल्लेखही तिथे केला आहे. पुढचं काही लिहायचं असेल तर ‘दामिनी’ परत एकदा बघा, कोर्टातला प्रसंग सुरू होण्याआधी दहा मिनिटांपासून, आणि मग लिहा. नाव घालून लिहिलंत तर बरं होईल.